पालखीच्या दिवसाची नोंद

६ नोव्हेंबर

२९ ऑक्टोबरच्या नोंदीत दुरुस्ती. तिथे मी लिहिलंय की माझा पेपर तपासणाऱ्या दुसऱ्या रिव्ह्यूअरने आकडेवारी खोटी ठरवली. तसं त्याने म्हटलेलं नाही. आज पत्र पुन्हा वाचलं, एकेक वाक्य. 'खोटी' हा शब्द कुठेच नाही. तो म्हणतो, निरक्षर बायकांनी तिथीवर ठेवलेली मोजदाद शास्त्रीय नोंद मानता येत नाही, तारखांवर विसंबण्यास आधार नाही, सबब पेपर नाकारावा. म्हणजे बिनभरवशाची. खोटी वेगळं, बिनभरवशाची वेगळं. मी रागात लिहिलं.

'दोघेही विरुद्ध' हेही चूक. पहिल्या रिव्ह्यूअरने आठ ओळींत छापा म्हटलंय. संपादकाने दुसऱ्याचं ऐकलं. सात महिने ठेवून घेऊन.

दोन्ही वाक्यांवर एकेक आडवी रेघ मारली, खाली सही, तारीख. आबांची, माझ्या वडिलांची, सवय. जहाजाच्या वहीत चूक पुसायची नसते, खालचं वाचता येईल अशी रेघ मारायची. दम्यामुळे मला चौथीपर्यंत शाळेत घातलं नव्हतं. आई शिकवायची, आणि आबा बोटीवरून सुट्टीला आले की आबा. पाटीवरसुद्धा पुसू द्यायचे नाहीत. पाटी भरली की आई ओरडायची, "आता नवी पाटी काय गोदीतून आणू?"

१० नोव्हेंबर

विभागात. माझे गाईड कानडे सर चहात बिस्कीट बुडवत म्हणाले, "ज्याचा पेपर कधी परत आला नाही असा गाईड मला आणून दाखव. मी त्याच्या पाया पडतो."

मी म्हटलं, बायका निरक्षर नाहीत सर. खाडीवर मोजदाद ठेवणारी सुलूवहिनी सातवी पास आहे.

"तेवढंच खुपलं?"

तेवढंच नाही. पण तेही.

थीसिस द्यायची शेवटची तारीख ३० जानेवारी. दोनदा वाढवून घेतलीय, आता वाढत नाही. सोबत पेपर स्वीकारल्याचं पत्र असलं तर बरं. सर म्हणाले, जरा कमी नावाच्या जर्नलला पाठव, तिथे लवकर कळवतात. संध्याकाळी पाठवला. काहीही न बदलता. 'निरक्षर' असं मी कुठे सूचित केलंय का, ते तेवढं तपासलं. नाही.

२३ नोव्हेंबर

शुद्ध तृतीया. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, म्हणजे सव्वादोन. ओहोटी सव्वाआठ. पहिल्या एसटीने खाडीवर. तिसऱ्या, म्हणजे खाण्याचे शिंपले, काढायला नऊजणी होत्या. मी पट्टी घेऊन तिसऱ्या मोजत बसले, शंभर शिंपले, लांबी मिलिमीटरमध्ये. राखलेल्या पट्ट्यातल्या अजूनही मोठ्या. चार वर्षं तेच दिसतंय. भांगाच्या दिवसांत, म्हणजे पाणी धड चढतही नाही आणि उतरतही नाही तेव्हा, बायका त्या पट्ट्याला हात लावत नाहीत. कोणी ठरवून दिलेलं नाही. सासू लावत नव्हती म्हणून सून लावत नाही. आणि तिथल्या तिसऱ्या वाढतात. माझं काम एवढंच आहे, हे मोजून दाखवणं.

सुलूवहिनीने विचारलं, "छापून आला काय गो तो कागुद?"

नाही म्हटलं. परत आला.

"कशापायी?"

तिथीवर विश्वास नाही म्हणाले.

ती कमरेपर्यंत चिखलात होती. हसत सुटली. "मग भरती काय त्यांका इचारून येते?"

बाकीच्याही हसल्या. मीही हसले. तिला 'निरक्षर' सांगितलं नाही.

४ डिसेंबर

गौरीने, एम.एस्सी.च्या मैत्रिणीने, एक पीडीएफ पाठवली. वर लिहिलंय: "अभिनंदन गं! पण तुझं नाव का नाही?"

मोठ्या संस्थेतले चार लेखक. आमची खाडी. राखलेला पट्टा. भांगाच्या दिवसांचा खाडा. तक्ता ३ मध्ये माझेच रकाने माझ्याच क्रमाने: तिथी, तारीख, किती बायका, किती टोपल्या, शिंपल्याची लांबी. आकडे थोडे हलवलेत. कुठे दोन वर, कुठे एक खाली. तारखा सगळ्या माझ्या. मथळ्याखाली छापलंय की लेख त्यांच्या जर्नलकडे कधी आला: माझा पेपर गेला त्यानंतर दोन महिन्यांनी. 'स्थानिक चांद्र कालगणनेवर आधारलेली नवी पद्धत' असं म्हणतात. जी बिनभरवशाची होती ती.

तो तक्ता छापून घेतला. 

५ डिसेंबर

कालची नोंद वाचली. 'त्यांनी चोरलं' असं मी लिहिलं नाही, बरं झालं. मला माहीत नाही. त्या चार लेखकांत शेवटचं नाव ज्यांचं आहे त्यांना डॉ. म. म्हणते. ते माझे रिव्ह्यूअर होते हे सिद्ध करता येत नाही, ती नावं गुप्तच असतात.

सरांनी दोन्ही तक्ते शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. मग चष्मा काढला.

"खाडी कोणाच्या बापाची नाही वीणा. ते म्हणतील आम्हीही गेलो होतो."

त्याच दिवशी सर? प्रत्येक वेळी त्याच दिवशी?

"ओहोटी त्याच दिवशी. मग जाणार कधी?"

 याचं उत्तर मला एसटीत सुचलं, की उधाणाचे आठ दिवस असतात, त्यातले नेमके माझेच दिवस कसे. पण तेव्हा सर समोर नव्हते.

१९ डिसेंबर

दुसऱ्या जर्नलचं उत्तर. रिव्ह्यूअरकडे पाठवलाच नाही. 'आपला मजकूर व तक्ते अलीकडेच प्रसिद्ध झालेल्या लेखाशी मोठ्या प्रमाणात जुळतात. आपल्या संस्थेने याची दखल घ्यावी असे सुचवतो.' प्रत सरांना.

म्हणजे आता चोर मी.

विद्यापीठात थीसिस मजकूर जुळतो का ते तपासणाऱ्या त्याच मशीनमधून जातो. ग्रंथालयात जाऊन तिसरं प्रकरण घालून पाहिलं. पानंच्या पानं लाल. ग्रंथपाल बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या नखांकडे.

३० जानेवारीला हे दिलं तर परत येईल, आणि ठपक्यासकट येईल. न दिलं तर नोंदणीच रद्द. चार वर्षं गेली.

२७ डिसेंबर

सप्तमी, भांग. बायका घरीच असणार म्हणून आज वाडीत गेले. सुलूवहिनी ओटीवर खोबरं किसत होती. विचारलं, मी सोडून कोणी आलं होतं का कधी, मोजायला?

"गाडी आलीली येकदा. पांढरी. गेल्या मे म्हयन्यात. पुलावर हुबे ऱ्हायले, फोटू काढले. येक बाई खाली उतराया बघीत व्हती, साहेब म्हन्ला, बूट खराब होतील."

आणखी कधी?

"नाय गो. आला असता तर आमी वळखला नसता? चिखलात पडनारा मानूस आमी म्हयनाभर इसरत नाय."

मी पीडीएफचा तक्ता काढून दाखवला. मराठीत वाचत गेले, तारीख, किती बायका, किती टोपल्या. ती मान हलवत होती. पहिल्या वर्षीच्या शिमग्यापाशी आले. अठरा मार्च, अकरा बायका, चौदा टोपल्या.

"थांब. अठराला?"

हो.

"होळी कधी व्हती त्या साली?"

सांगितलं. तिने बोटांवर मोजलं, ओठ हलवत, दोनदा. मग किसणी खाली ठेवली.

"अगो त्या दिवशी पालखी आमच्या वाडीत. देव दारात आलेला आनि खाडीत उतरला कोन? जल्लं मेलं, अकरा बायका कुठल्या? मी सोता पालखी नाचवीत व्हते... म्हंजी घोव नाचवीत व्हता, मी वरडत व्हते."

मला आधी आनंद झाला. हे लिहून ठेवते, कारण नंतर मी तसं नव्हतं असं म्हणेन. पकडले गेले असं वाटून आनंद झाला. मग लक्षात आलं की अठरा मार्च माझ्याही तक्त्यात आहे. तो तिथूनच तर आला.

२८ डिसेंबर

मूळ वही काढली. त्या आठवड्यात मी चिपळूणला मावशीकडे तापाने पडले होते. खाडीवर नव्हतेच. नंतर सुलूवहिनीने सांगितलेलं उतरवून घेतलंय, माझ्याच अक्षरात: वद्य प्रतिपदा नऊ बायका. व. द्वितीया, दोन दिवस, तेरा आणि बारा. व. तृतीया पालखी, बंद. व. चतुर्थी अकरा बायका, चौदा टोपल्या.

'दोन दिवस'. लिहिलेलं आहे. त्या पंधरवड्यात द्वितीया दोन सूर्योदयांना होती, पंचांगात वृद्धी. तिने बरोबर सांगितलं. मी तारखा लावताना पौर्णिमेपासून बोटं मोजली, एक तिथी एक दिवस. दुसऱ्या द्वितीयेची मोजदाद त्याच दिवसाची दुसरी खेप समजून पहिलीतच मिसळली. म्हणून पुढचं सगळं एक दिवस आधी सरकलं. चतुर्थी एकोणीसला होती, मी अठरा लिहिली.

आईने मला अक्षरांच्या आधी पंचांग दाखवलं होतं. वृद्धी आणि क्षय मला सातव्या वर्षी येत होतं.

त्या पंधरवड्यातल्या सगळ्या ओळी तपासल्या. चुकीच्या तीन. मग चारही वर्षं तपासली, रात्र होईपर्यंत. बाकी कुठे नाही. तीन ओळी काढून हिशेब पुन्हा केला, निष्कर्ष तोच येतो. पुन्हा केला. तोच.

त्यांच्या लेखात त्याच तीन ओळी, त्याच तारखा. आणि वर एक वाक्य: 'प्रत्येक नोंद आमच्या चमूने प्रत्यक्ष उपस्थित राहून घेतली.'

२९ डिसेंबर

लिहिण्यासारखं काही नाही. थीसिस उघडला, बंद केला.

दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं होतं, तारखांवर विसंबण्यास आधार नाही. तीन ओळींपुरतं त्याचं बरोबर आहे. फक्त चूक तिथीची नाही, बायकांची नाही. चूक पीएच.डी. करणारीची आहे.

२ जानेवारी

सरांना सगळं सांगितलं. वही दाखवली. ते उठून दार लावून आले.

"ही तुझी चूक आणखी कोणाला माहीत आहे?"

सुलूवहिनीला. आणि आता तुम्हाला.

"मग तिथेच राहू दे. तारखा दुरुस्त कर, तिसऱ्या प्रकरणाची भाषा बदल, तक्ते परिशिष्टात टाक. लाल कमी होईल. डिग्री घे आणि मोकळी हो."

मी म्हटलं, पण पुरावा तोच आहे ना सर. माझी चूक त्यांच्याकडे कशी गेली, याला दुसरं उत्तरच नाही.

"आणि तू ती दाखवलीस की संपादक काय म्हणेल? या मुलीच्या तारखाच चुकतात. चोरीचं राहील बाजूला. पेपरवर माझंही नाव आहे वीणा. माझी अजून नऊ वर्षं नोकरी आहे."

निघताना म्हणाले, "मी वाईट माणूस नाही गं." मी तसं म्हटलं नव्हतं.

५ जानेवारी

आबांना विचारलं. ते अंगणात आंब्याला मोहोर किती आलाय ते बघत होते. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटलं आता म्हणतील, रेघ मार आणि सही कर.

"सर म्हणतात तसं कर," म्हणाले.

आबा, तुम्हीच शिकवलंत ना.

"मी जहाजाच्या वहीचं शिकवलं. तिथे चूक कबूल केली तर कॅप्टन चिडतो, पण बोट वाचते. इथे कोण वाचणार आहे? तूच बुडणार." मग, माझ्याकडे न बघता, "बेचाळीस वर्षं बोटीवर काढली ती काय तू खाडीत चिखल तुडवावास म्हणून? प्राध्यापक हो बाई. मग सांग सगळ्यांना काय सांगायचं ते."

आई आतून म्हणाली, "तिला दम लागेल असं बोलू नका." मला दम लागला नव्हता. पण त्यानंतर लागला.

८ जानेवारी

शिमग्यात पालखी कोणत्या दिवशी कोणत्या वाडीत, याचं छापील पत्रक गावात घरोघर वाटतात. त्या वर्षीचं कोणाकडेतरी असेल म्हणून मानकऱ्यांकडे गेले. बापू मानकरी, सत्तरीचे. त्यांनी दिनदर्शिकांच्या गठ्ठ्यातून काढलं. वर देवाचं नाव, खाली तारखा. १८ मार्च, सकाळी नऊपासून, खालची वाडी. खालची म्हणजे सुलूवहिनीची.

"कशाला हवंय?"

एका पेपरासाठी, म्हटलं.

"म्हणजे देवाला साक्षीला नेतेस की काय कोर्टात? त्याचं भाडं पडेल हो. नारळ आणि यायचा-जायचा खर्च."

फोटो काढू दिला. पत्रक दिलं नाही, ते देवस्थानचं. बरोबर आहे.

११ जानेवारी

पत्र लिहिलं. ज्यांनी माझा पेपर सात महिने ठेवला आणि ज्यांनी त्यांचा छापला, त्या दोन्ही संपादकांना एकच. चार मसुदे फाडले. पहिल्या चारांत त्यांच्यापासून सुरुवात होती. पाचव्यात माझ्यापासून केली: 'सोबत जोडलेल्या माझ्या पेपरच्या तक्ता ३ मधील तीन तारखा चुकीच्या आहेत. ही चूक माझी आहे. मोजदाद करणाऱ्या स्त्रियांनी तिथी अचूक सांगितल्या होत्या. इंग्रजी तारखा लावताना मी चुकले.' मग वहीच्या पानाचा फोटो, पत्रकाचा फोटो. मग: 'याच तीन चुकीच्या तारखा अमुक लेखात प्रत्यक्ष पाहिलेल्या म्हणून आल्या आहेत. त्यांपैकी १८ मार्चला या खाडीत कोणीही उतरलं नव्हतं. त्या लेखात त्या कशा आल्या, याची चौकशी व्हावी.'

'चोरी' शब्द नाही. डॉ. म. रिव्ह्यूअर होते असंही नाही. मला ते माहीत नाही. अठरा मार्चचं माहीत आहे.

वाचून दाखवायला कोणी नव्हतं. मोठ्याने स्वतःलाच वाचलं. आवाज लहान मुलीसारखा येत होता.

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ घेऊन वाडीत गेले. पत्रात सुलूवहिनीचं नाव घालायचं तर तिला विचारायला हवं. ओळ न ओळ सांगितली.  ती म्हणाली, "आमची गनती चुकली असा नाय ना लिवलंस?"

नाही. माझी चुकली असं लिहिलंय.

"तुज्या शिक्षनाचा काय व्हनार मग?"

माहीत नाही म्हटलं. कदाचित काहीच नाही.

"आनि नाय धाडलंस तर?"

तर मग तिथीवरची मोजदाद त्यांची ठरते, आणि माझी त्यांच्यावरून चोरलेली. मी डिग्री मिळवली तरी लाल पानं खरवडून मिळवलेली असेल.

मग तिला विचारलं, नाव घालू का? आत गेली, नवऱ्याशी बोलली, बाहेर आली. "घाल. सातवी पास असा पन घाल," म्हणाली. मग तिळगुळाचा डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात सुकी कोलंबी भरून दिली. एसटीत सगळे माझ्याकडे बघत होते.

१६ जानेवारी

सरांचा फोन. मंगळवारी, २० तारखेला, सबमिशनच्या आधीचं सादरीकरण. बाहेरचे तज्ज्ञ कोण ते आज कळलं. डॉ. म.

सर म्हणाले, "आता तरी शांत राहा. त्यांच्यासमोर नम्र राहिलीस तर ते अडवणार नाहीत. त्यांनाही प्रकरण नको असेल. कळतंय का मी काय म्हणतोय?"

कळतंय. म्हणजे ते मला पास करतील आणि मी त्यांना.

पाच वाजल्यापासून विचार करतेय. मंगळवारनंतर पत्र पाठवलं तर त्यांचा होकार खिशात घालून मग तक्रार केली असं होईल. ते मला करायचं नाही. त्यांनी नकार दिल्यावर पाठवलं तर सूड दिसेल. म्हणून आधीच पाठवायचं, त्यांनाही प्रत लावून. मग मंगळवारी त्या खोलीत ते मला काय विचारतील, कोण जाणे. कदाचित येणारच नाहीत. कदाचित येतील आणि फक्त तारखाच विचारतील, एकेक, आणि मला प्रत्येकीला उत्तर द्यावं लागेल.

आबांना सांगितलं नाही. जेवताना त्यांनी विचारलं, तयारी झाली? हो म्हटलं. ते खोटं नाही, पण खरंही नाही. उद्या सांगेन.

सरांना फोनवर सांगायचं नाही, विभागात जाऊन समोर. त्यांना पेपरवरून नाव काढायचं असेल तर ठरवायला एक तास. दहाला सर, अकराला मेल. सोमवार, १९ जानेवारी.